चुरगळलेल्या कोटातला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

रहस्यकथा म्हटली की आपल्या मनात एक ठरीव साचा असतो. पहिल्या पानावर प्रेत, मधल्या पानांवर पाच-सहा संशयित आणि अगदी शेवटच्या पानावर खुनी. तोवर लेखकानं वाचकाला हुलकावण्या देत राहायचं आणि वाचकानं त्या आनंदानं खात राहायच्या. अमेरिकन टेलिव्हिजनवर १९६८ साली एक पोलीस अधिकारी आला आणि त्याच्या गोष्टींनी हा साचा उलटा करून टाकला. तिथं खून सुरुवातीलाच होतो. तो कोण करतो, का करतो, बोटांचे ठसे कसे पुसतो, आपण त्या वेळी भलतीकडेच होतो हे दाखवण्यासाठी काय काय रचतो, सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. पोलीस अजून आलेलेच नसतात. मग केव्हातरी, दारातल्या गर्दीतून, एक बुटकासा माणूस आत येतो. अंगात चुरगळलेला रेनकोट, विस्कटलेले केस, बोटांत अर्धवट ओढलेला सिगार. खिसे चाचपत तो कुणाकडे तरी पेन्सिल मागतो. आणि इथून पुढं प्रश्न ‘खुनी कोण’ हा नसतोच. हा माणूस त्याला पकडणार कसा, एवढाच प्रश्न असतो.

हा लेफ्टनंट कोलंबो. नाव ऐकून श्रीलंकेतलं शहर आठवेल, पण त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हा इटालियन वंशाचा, लॉस एंजलिसच्या पोलीस खात्यातला अधिकारी. १९६८ ते २००३ या पस्तीस वर्षांत त्याच्या एकूण ६९ गोष्टी टेलिव्हिजनवर आल्या. प्रत्येक गोष्ट म्हणजे जवळजवळ एक चित्रपटच. त्याचे गुन्हेगारही ठरावीक वर्गातले: नामवंत शल्यविशारद, ऑर्केस्ट्राचा संचालक, बुद्धिबळपटू, लोकप्रिय लेखक, कंपनीचे मालक. मोठे बंगले, तलाव, नोकरचाकर. अशा माणसांना दारात उभा असलेला हा मळकट पोलीस म्हणजे गंमत वाटते. त्याच्याशी ते सौजन्यानं बोलतात, थोडं समजावूनही सांगतात. तो बायकोच्या गोष्टी सांगतो, त्यांच्या घरातल्या वस्तूंचं कौतुक करतो, निरोप घेऊन दारापर्यंत जातो. मग थांबतो, कपाळाला हात लावतो आणि वळतो. आणखी एकच गोष्ट विचारायची राहिली, म्हणतो. त्या एका गोष्टीनं समोरच्याच्या चेहऱ्यावरचं सौजन्य किंचित हलतं.

पण आज मला कोलंबोपेक्षा तो ज्यानं उभा केला त्या पीटर फॉकबद्दल बोलायचंय. कारण लोकांनी कमी लेखावं आणि आपण ते खुशाल लेखू द्यावं, ही विद्या फॉकला कुणा लेखकानं शिकवलेली नव्हती.

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ चा, न्यूयॉर्क शहरातला. वाढला तो त्याच राज्यातल्या ऑसिनिंग या गावात. तीन वर्षांचा असताना डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगामुळं त्याचा उजवा डोळा काढावा लागला. त्या जागी काचेचा डोळा बसवला. पडद्यावर कोलंबो डोळा बारीक करून पाहतो, ते कसब वाटतं. त्यात बराचसा वाटा त्या काचेच्या डोळ्याचा आहे. शाळेत असताना तो खेळांत पुढं होता. बेसबॉलच्या एका सामन्यात पंचानं त्याला बाद दिलं. निर्णय चुकीचा आहे याबद्दल फॉकला खात्री होती. त्यानं काचेचा डोळा काढून पंचाच्या हातावर ठेवला आणि मला याची गरज कमी, तुम्हाला जास्त, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. हा किस्सा तो स्वतः पुढं आयुष्यभर सांगत असे. दोन्ही संघ हसून लोळले म्हणे.

या किश्श्याची दुसरी बाजू अशी, की त्याच डोळ्यामुळं महायुद्धाच्या अखेरीला सैन्यानं त्याला नाकारलं. मग तो व्यापारी जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला. जहाजावर नीट दिसावं लागतं ते फक्त कप्तानाला, आणि ‘टायटॅनिक’च्या कप्तानाला तरी कुठं नीट दिसलं होतं, असं तो म्हणे. दीडएक वर्ष समुद्रावर काढून परत आला, साहित्य आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि १९५३ साली सिराक्यूज विद्यापीठातून सार्वजनिक प्रशासनाची पदव्युत्तर पदवी मिळवली. अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेत, म्हणजे सीआयएमध्ये, नोकरी मागायला गेला तर तिथंही नकार. जहाजावर काम करताना तो स्वयंपाक्यांच्या कामगार संघटनेचा सभासद झाला होता आणि ती संघटना डाव्यांची समजली जात होती. मॅकार्थीचा काळ होता तो. पुढं ज्याला जगानं चाणाक्ष डिटेक्टिव्ह म्हणून ओळखलं, त्याला खऱ्या हेरखात्यानं दारातूनच परत पाठवलं.

शेवटी तो कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्ड शहरात, सरकारी नोकरीला लागला. हुद्दा कार्यक्षमता तज्ज्ञाचा. खात्यांचं काम अधिक नेटकं कसं होईल हे त्यानं सांगायचं. आणि पहिल्याच दिवशी या तज्ज्ञाला आपलं कार्यालय कोणत्या इमारतीत आहे तेच सापडलं नाही! तिथं बसून तो संध्याकाळी हौशी नाटकं करू लागला. ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढून रात्री तालमी केल्या आहेत, अशी माणसं आपल्याकडं काही कमी नाहीत. त्यांना फॉकची ती वर्षं वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

याच काळात इव्हा ल गॅलिएन ही रंगभूमीवरची थोर अभिनेत्री वेस्टपोर्टला व्यावसायिक नटांसाठी वर्ग घेत होती. फॉकनं आपण व्यावसायिक नट असल्याचं खोटंच सांगून प्रवेश मिळवला. दर आठवड्याला हार्टफर्डहून गाडी हाकत यायचा आणि उशिरा पोचायचा. एकदा बाईंनी विचारलं, नेहमी उशीर का होतो? हार्टफर्डहून यावं लागतं, तो म्हणाला. हार्टफर्डला तर नाटक कंपनी नाही, मग तिथं तुम्ही करता काय? तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की आपण नट नाही. त्यावर बाई म्हणाल्या, मग व्हायला हवं. फॉकनं परत जाऊन राजीनामा दिला. वय अठ्ठावीस.

हा निर्णय आज आपल्याला गोड वाटतो, कारण पुढचं आपल्याला माहीत आहे. त्या वेळी काय होतं? सरकारी नोकरी, पेन्शन एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक डोळा काचेचा, देखणं म्हणता येणार नाही असं रूप आणि घोगरा आवाज. न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचावर १९५६ साली यूजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’ या नाटकात त्याला दारूच्या गुत्त्यातल्या नोकराची भूमिका मिळाली आणि तिथून त्याचं नाव झालं. पण कोलंबिया स्टुडिओनं त्याची पडदा-चाचणी घेतली तेव्हा स्टुडिओचा मालक हॅरी कोहन म्हणाला की याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळेल. हॉलिवूडमध्ये हे वाक्य पुढं इतकं गाजलं, की कोहनचं दुसरं काही आठवत नसेल अशांनाही ते ठाऊक असतं.

१९६० साली ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ या चित्रपटात फॉकनं एब रेल्स या खऱ्याखुऱ्या भाडोत्री मारेकऱ्याचं काम केलं आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. समारंभात विजेत्याचं नाव पुकारलं गेलं, ‘पीटर’, आणि फॉक खुर्चीवरून उठू लागला. पुढचा शब्द ‘युस्टिनॉव्ह’ असा होता! बक्षीस ‘स्पार्टाकस’मधल्या पीटर युस्टिनॉव्हला गेलं होतं. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’साठी पुन्हा नामांकन आलं, पुन्हा बक्षीस नाही. ऑस्कर त्याला कधीच मिळालं नाही. टेलिव्हिजननं मात्र त्याची भरपाई केली: टेलिव्हिजनचा सर्वोच्च मानला जाणारा एमी पुरस्कार त्याला पाच वेळा मिळाला, त्यांपैकी चार वेळा कोलंबोसाठी.

आता कोलंबोकडं येऊ. ही व्यक्तिरेखा रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन शाळासोबत्यांनी लिहिलेली. मुळात हे पात्र १९६० सालच्या एका टेलिव्हिजन नाटकात आलं, मग रंगमंचावर. दोन्हीकडे वेगळे नट होते. डॉस्टोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला तो गप्पिष्ट, घोळवून घोळवून बोलणारा तपास अधिकारी पोर्फिरी त्यांच्या डोळ्यांपुढं होता. आणि ते प्रसिद्ध दारातून मागं वळणं? त्याचा उगम निव्वळ आळसातला आहे. नाटक लिहिताना एक प्रवेश आखूड पडला. कोलंबो तर निघून गेलेला. सगळं पान पुन्हा टंकायचा कंटाळा, म्हणून त्यांनी त्याला तसाच परत आणला, काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून. लेखनाच्या कार्यशाळांत हे कुणी शिकवत नाही!

१९६८ च्या चित्रपटासाठी लेखकांना वयस्क नट हवा होता. बिंग क्रॉसबीला विचारून झालं, त्यानं नकार दिला. चाळिशीचा फॉक त्यांना फार तरुण वाटत होता. पण भूमिका त्यानं मिळवली आणि मग तिला स्वतःचं सामान पुरवलं. अक्षरशः. तो रेनकोट त्याचा स्वतःचा होता, १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये अचानक पाऊस आला म्हणून दुकानात शिरून घेतलेला. लॉस एंजलिसमध्ये पाऊस पडतो किती? तरी कोलंबोच्या अंगातून तो कोट उतरत नाही. त्याची ती खिळखिळी प्यूजो मोटारही फॉकनंच स्टुडिओच्या आवारात मागं पडलेली पाहून निवडली. चित्रीकरण चालू असताना तो संहितेत नसलेलं मधेच बोले, पेन्सिल आहे का विचारी, खिशात भलतंच काही शोधत बसे. समोरचा नट खरोखरच गोंधळे, वैतागे. कॅमेऱ्याला हवं ते मिळे.

नियमित मालिका १९७१ च्या सप्टेंबरात सुरू झाली. तिचा पहिला भाग ज्या दिग्दर्शकानं केला तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याचं नाव स्टीव्हन स्पीलबर्ग होतं.

एका भागाबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. १९७३ चा ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’. एड्रियन कार्सिनी हा उत्तम वाइन बनवणारा, वाइनवर जीव टाकणारा माणूस. काम केलंय डोनाल्ड प्लेझन्सनं. मालकी मात्र सावत्र भावाकडं, आणि भावाला हा मळा एका मोठ्या, स्वस्त दारू बनवणाऱ्या कंपनीला विकायचाय. संतापाच्या भरात कार्सिनी त्याला मारून बेशुद्ध करतो, वाइनच्या तळघरात बांधून ठेवतो, तिथलं वातानुकूलन बंद करतो आणि आठवडाभर न्यूयॉर्कला निघून जातो. हवा न मिळून भाऊ मरतो. परतल्यावर प्रेत समुद्रात. पाणबुड्याचा अपघात म्हणून प्रकरण मिटल्यात जमा. कोलंबोला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. तो एका जाणकाराकडं जातो आणि दीड तासात जेवढं शिकता येईल तेवढं शिकतो. मग कार्सिनीला जेवायला बोलावतो आणि एक उंची बाटली मागवतो. कार्सिनी घोट घेतो आणि भडकतो. ही वाइन उष्णतेनं नासलेली आहे, कुठल्याही सामान्य माणसाला कळणार नाही, पण मला कळते! ती बाटली कोलंबोनं कार्सिनीच्याच तळघरातून आणलेली असते. त्या आठवड्यात एक दिवस कडक उन्हाळा पडलेला आणि वातानुकूलन बंद. म्हणजे त्याच्याविरुद्धची साक्ष त्याच्याच जिभेनं दिली. भागाच्या शेवटी त्याला घेऊन जाताना कोलंबो वाटेत मोटार थांबवतो आणि दोघं मिळून एक चांगली वाइन पितात. दीड तासात कोलंबो काय शिकला, याला कार्सिनी मनापासून दाद देतो. दोघांत वैर नाही. दोघेही आपापल्या कामात कसबी आहेत, एवढं दोघांना कळलेलं आहे. मला हा शेवट फार आवडतो. खुन्याला पकडल्यावर दुःख होणारा पोलीस मी दुसरीकडं फारसा पाहिलेला नाही.

कोलंबोनं फॉकला अफाट पैसा दिला. त्यासाठी तो स्टुडिओशी भांडलाही भरपूर. दिग्दर्शन करू द्या म्हणून हटून बसला आणि १९७२ मध्ये एक भाग त्यानं केलाही. हा पैसा त्यानं कुठं घातला? त्याचा मित्र जॉन कॅसाव्हेटीस हा हॉलिवूडच्या चाकोरीबाहेर, स्वतःच्या खिशातून चित्रपट काढणारा दिग्दर्शक. त्याला ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ काढायचा होता. एका संसारी बाईचा मानसिक तोल ढळत जातो, नवरा तिच्यावर प्रेम करतो आणि त्याच प्रेमानं तिला अधिकच खचवतो. असल्या विषयावर पैसा लावायला कुठलाही स्टुडिओ तयार नव्हता. कॅसाव्हेटीसनं आपलं घर गहाण ठेवलं आणि फॉकनं पाच लाख डॉलर दिले. त्या काळातले पाच लाख! चित्रपट १९७४ साली आला, वितरणही त्यांनी स्वतःच केलं. बायकोच्या भूमिकेतल्या जीना रोलंड्सला आणि दिग्दर्शक म्हणून कॅसाव्हेटीसला ऑस्करची नामांकनं मिळाली. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत या चित्रपटाचा समावेश झाला.

यात फॉक बांधकामावरचा मजूर आहे, निक लाँगेटी. कोलंबोला सगळं कळतं आणि तो काही कळत नसल्याचं दाखवतो. निकला काहीच कळत नाही आणि तो सगळं कळत असल्यासारखा घरात ओरडत फिरतो. बायको इस्पितळातून घरी येणार, तर हा तिच्या स्वागताला माणसांची जत्रा गोळा करतो, मग त्यांना हाकलून देतो. मारतो, रडतो, मिठी मारतो. त्या काळी दर महिन्या-दोन महिन्यांनी कोलंबो म्हणून लोकांच्या घरात येणारा, सर्वांचा लाडका नट असा माणूस उभा करतो आणि आपली सहानुभूती मागतही नाही, याला धाडस लागतं. माझ्या मते फॉकचं सर्वांत मोठं काम हे. कोलंबोनं त्याला कीर्ती दिली खरी, पण कोलंबोच्या पैशांनी त्यानं हे काम विकत घेतलं, असं मी म्हणेन.

पुढच्या कामांतली दोनच सांगतो. १९८७ मध्ये ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये तो आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा झाला, अमेरिकेतली एक अख्खी पिढी त्याला त्या आजोबांमुळंच ओळखते. त्याच वर्षी जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये तो चक्क पीटर फॉक म्हणूनच आला. भिंत अजून उभी असलेलं बर्लिन, शहरावरून फिरणारे देवदूत, आणि चित्रीकरणासाठी तिथं आलेला हा अमेरिकन नट, ज्याला रस्त्यावरची पोरं कोलंबो म्हणून ओळखतात. पुढं कळतं की तोही पूर्वी देवदूत होता आणि माणसाचं जगणं हवंसं वाटलं म्हणून ते सोडून आला. गरम कॉफीचा घोट, थंडीत हात चोळणं, कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढणं यांतलं सुख तो अदृश्य देवदूताला सांगतो. चित्रं काढण्याचा छंद फॉकचा खरा होता. त्यानं कलाशाळेत त्याचं शिक्षणही घेतलं होतं.

१९८९ पासून दुसऱ्या वाहिनीवर कोलंबो पुन्हा सुरू झाला. ते भाग मला तितकेसे रुचत नाहीत; लकबी राहिल्या, धार बोथट झाली. शेवटचा भाग २००३ मध्ये आला. २००६ साली फॉकनं आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याला नाव अर्थातच ‘जस्ट वन मोअर थिंग’.

त्यानंतर दोन वर्षांत त्याची स्मृती जाऊ लागली. २००८ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या रस्त्यावर गोंधळून भटकताना त्याची छायाचित्रं निघाली आणि छापलीही गेली. छापणाऱ्यांनी ती छापायला नको होती. मग त्याचा सांभाळ कुणी करायचा यावरून पत्नी आणि पहिल्या लग्नातल्या दत्तक मुलीत न्यायालयात वाद झाला. २००९ मध्ये न्यायालयानं पत्नीला पालक नेमलं, मुलीला भेटीची मुभा दिली. या खटल्यात एका डॉक्टरनं साक्ष दिली, की फॉकला आता कोलंबोही आठवत नाही. गुन्हेगाराच्या बोलण्यातला एखादा सटरफटर तपशील दोन दिवसांनी बरोबर आठवणारा हा माणूस जगात कोट्यवधी लोकांना पाठ होता. फक्त त्याला स्वतःला नव्हता. २३ जून २०११ रोजी तो गेला. वय त्र्याऐंशी.

त्याच्या मुलीनं पुढं एक मोहीम चालवली. आजारी, परावलंबी झालेल्या आईबापांना पालकानं इतर मुलांपासून तोडू नये, त्यांची प्रकृती ढासळली किंवा मृत्यू झाला तर मुलांना कळवावं, एवढीच मागणी. २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं तसा कायदा केला, इतरही काही राज्यांनी केला. त्या कायद्यांना लोक ‘पीटर फॉक कायदा’ म्हणतात. वारसा आणि सांभाळ यांच्या भांडणांत म्हातारं माणूस कसं मधल्यामधे अडकतं हे पाहायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

ज्यांनी कोलंबो पाहिलाच नसेल, त्यांनी तो वाइनवाला भाग आधी पाहावा. शेवट मी सांगून टाकला असला तरी बिघडत नाही, इथं शेवट कुणापासून लपवलेला नसतोच. आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ पाहावा. अडीच तासांचा आहे, जड आहे, मधे उठावंसं वाटेल. उठू नका. जेवणाच्या लांबलचक टेबलाशी निक आपल्या दहा-बारा सोबत्यांना घेऊन बसतो आणि बायको प्रत्येकाची विचारपूस करू लागते, तो प्रवेश येईपर्यंत तरी बसा. त्यात फॉककडं बघा. तो फारसं काही करत नाही. नुसता बायकोकडं बघतो.